मुलांची वेगाची हौस व कुटुंबाचे कर्तव्य

बालवयात प्रत्येक मुलास कशाची ना कशाची तरी हौस असतेच. कोणी पतंगामागे धावतो, कोणी पोहण्यासाठी नदीकाठ सोडीत नाही, तर कोणी चित्रे काढण्यात तहानभूक विसरतो. या हौशींचे पालकांना फारसे भय वाटत नाही. परंतु एक हौस अशी आहे की, तिचे नाव काढताच आईच्या छातीत धस्स होते व वडिलांच्या कपाळास आठी पडते. ती हौस म्हणजे वेगाची. मुलगा केवळ आवाजावरून मोटारसायकल ओळखतो, भूगोलाच्या वहीच्या मागील पानावर मोटारींची चित्रे काढतो आणि घरी पाहुणा आला की प्रथम त्याच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. अशा मुलाचे करावे तरी काय, असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात.

या प्रश्नास सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. काही घरी मुलास दटावून गप्प बसविले जाते. काही घरी कौतुकाच्या भरात मोटारसायकलची किल्लीच त्याच्या हाती दिली जाते. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. दटावल्याने हौस मरत नाही, ती केवळ पालकांच्या नजरेआड जाते. आणि किल्ली दिल्याने तर मुलाच्याच जिवावर बेतते. या दोहोंमधून जाणारी एक तिसरी वाट आहे. ती स्पष्ट व्हावी म्हणून ज्या खेळात लहान मुलेच यंत्रावर बसून शर्यत खेळतात आणि ज्यात सर्व कुटुंबास भाग घ्यावाच लागतो, अशा कार्टिंग नावाच्या खेळाची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

कार्ट म्हणजे अगदी लहानशी, चार चाकांची, एका माणसाची उघडी गाडी. तिचा जन्म सन १९५६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात झाला. शर्यतीच्या मोटारी बनविणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्स या कारागिराने पोलादी नळ्यांचा सांगाडा जोडून त्यास गवत कापण्याच्या यंत्राच्या जातीचे छोटे इंजिन बसविले. ही गाडी पाहता पाहता लोकप्रिय झाली आणि सन १९६४ पासून या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली. आज ज्यांना आपण मोटार शर्यतीतील मोठे वीर म्हणून ओळखतो, त्यांपैकी बहुतेकांनी आपला श्रीगणेशा याच गाडीवर गिरविलेला आहे.

या गाडीची रचना विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. तिला धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा नसतात. सांगाड्याचे पोलादच किंचित वाकते आणि धक्का सोसते. बैठक जमिनीपासून दोन-चार बोटांवरच असते, त्यामुळे ताशी ४० किलोमीटरचा वेगही बसणाऱ्यास दुप्पट भासतो. पण खरी गंमत मागील चाकांत आहे. आपल्या बैलगाडीची दोन्ही चाके आखावर स्वतंत्रपणे फिरतात. गाडी वळताना बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावे लागते आणि आतल्या चाकास कमी, तरीही काही अडचण येत नाही, कारण एक चाक जलद व दुसरे सावकाश फिरू शकते. मोटारगाडीत हेच काम दातेरी चाकांची एक पेटी करते. कार्टमध्ये मात्र मागील दोन्ही चाके एकाच आखाला घट्ट बसविलेली असतात. मग ती वळते कशी? वळणावर पुढील चाके फिरविली की आतल्या बाजूचे पुढील चाक खाली दाबले जाते आणि त्याच बाजूचे मागील चाक क्षणभर जमिनीवरून किंचित उचलले जाते. त्या क्षणी गाडी जणू तीन चाकांवर वळते. हे उचलणे योग्य वेळी व योग्य मापाने घडवून आणणे हीच चालविणाऱ्याची कला होय.

यावरून ध्यानात येईल की, हा केवळ पाय दाबून पळविण्याचा खेळ नव्हे. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग आवरावा लागतो. मग बाहेरच्या कडेकडून आत शिरावे, वळणाच्या आतील टोकास स्पर्श करून पुन्हा बाहेरच्या कडेस यावे, म्हणजे वळण सौम्य होते. जो वळणात घाईने घुसतो तो बाहेर पडताना मागे राहतो. जो आत शिरताना धीर धरतो तोच पुढे जातो. नियमांत गाडी व चालक मिळून ठरलेले किमान वजन भरावे लागते, म्हणून हलक्या मुलाच्या गाडीस शिशाचे तुकडे बांधतात, की कोणास अंगकाठीचा अन्याय्य लाभ होऊ नये. चाकांत हवा किती, साखळीचे दाते किती, यांची नोंद प्रत्येक फेरीनंतर वहीत करावी लागते. गणिताचा कंटाळा करणारा मुलगाही येथे दशांश अपूर्णांक आवडीने मांडतो. कारण सेकंदाच्या दहाव्या भागावर त्याचा क्रमांक ठरणार असतो.

आता कुटुंबांकडे वळू. जर्मनीतील केर्पेन गावी रोल्फ शूमाखर नावाचे गवंडीकाम करणारे गृहस्थ राहत असत. त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या पायंड्याच्या खेळगाडीस एक लहान इंजिन बसवून दिले. पोराने ती गाडी नेऊन दिव्याच्या खांबावर आदळली. येथे दुसऱ्या एखाद्या बापाने गाडी माळ्यावर टाकली असती. यांनी मुलास रस्त्यावरून उचलून कार्टिंगच्या बंदिस्त मार्गावर नेले. पुढे वडील त्या मार्गाची देखभाल करू लागले आणि आई तेथील उपाहारगृह सांभाळू लागली. पैसा थोडा असल्यामुळे इतरांनी टाकून दिलेल्या सुट्या भागांतून व वापरलेल्या चाकांतून मुलाची गाडी उभी राहिली. तोच मुलगा मायकेल शूमाखर सन १९९४ ते २००४ या काळात सात वेळा फॉर्म्युला वन शर्यतीचा जगज्जेता ठरला. धाकटा भाऊ राल्फ हाही त्याच अंगणात शिकून फॉर्म्युला वन शर्यती जिंकून गेला.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील लुईस हॅमिल्टनचे. तो लहान असता वडिलांनी नाताळात त्यास एक जुनी कार्ट आणून दिली आणि त्याबरोबर एक अट घातली: शाळेत मन लावून अभ्यास करशील तोपर्यंतच मी तुझ्या मागे उभा राहीन. मुलाच्या शर्यतींचा खर्च भागावा म्हणून हे गृहस्थ एकाच वेळी अनेक कामे करीत आणि सुटीच्या दिवशी गाडीचे यंत्र स्वतः खोलून पुन्हा जोडीत. सन १९९८ मध्ये मॅक्लॅरेन या विख्यात संघाने मुलास आपल्या आश्रयाखाली घेतले व सन २००८ मध्ये तो प्रथम जगज्जेता झाला. पुढे त्यानेही सात अजिंक्यपदांची बरोबरी केली. त्याचा सावत्र भाऊ निकोलस यास जन्मतःच मेंदूच्या पक्षाघाताची व्याधी आहे. तोही पुढे मोटार शर्यतींत उतरला. एका मुलाच्या हौसेस घर धावून गेले, तर दुसऱ्यासही बळ मिळते, ते असे.

कोणी म्हणेल, ही सारी परदेशची कथा. आपल्याकडे असे कोठे आहे? तर आपल्या महाराष्ट्रातही आहे. मुंबईचा जेहान दारूवाला हा पारशी मुलगा कार्टिंगमधूनच वर आला. सन २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून होतकरू मुले निवडण्यासाठी जी परीक्षा घेतली, तीत तो निवडला गेला. त्यानंतर नऊ वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, बहरीन देशातील साखीर येथे फॉर्म्युला टू या दर्जाची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. घर सधन होते, हे खरे. परंतु ती नऊ वर्षे कोणास विकत घेता येत नाहीत. कोल्हापुरास मोहिते कुटुंबाने कार्टिंगचा मार्ग उभारला व प्रशिक्षण सुरू केले. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झालेल्या आहेत. कोल्हापुराच्या उद्यमनगरात ओतकाम व लेथकामाची परंपरा जुनी आहे. जेथे घरोघरी हातास यंत्राची ओळख आहे, तेथे हा खेळ रुजावा यात नवल नाही.

मुलींनी हे वाचून पान उलटू नये. पुण्याच्या डायना पुंडोळे यांनी सन २०२४ मध्ये मोटारगाड्यांच्या राष्ट्रीय शर्यतीत सलून गटाचे अजिंक्यपद मिळविले. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत, आणि त्या वेळी त्या दोन मुलांच्या माता होत्या. यंत्रास चालविणारा मुलगा की मुलगी हे कळत नाही. त्यास फक्त हाताची स्थिरता कळते.

येथवर हौसेचे गुणगान झाले. आता तिच्या दुसऱ्या बाजूविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते. कार्टिंगमध्ये मुलगा शिरस्त्राण, जाड पोशाख, हातमोजे, मानेची पट्टी व बरगड्यांचे कवच घालून बसतो. समोरून कोणी येत नाही, रस्त्यात गुरे नाहीत, आणि निशाण दाखविताच सर्वांना थांबावे लागते. तरीही धोका असतोच. करमणुकीच्या ठिकाणी भाड्याच्या कार्टमध्ये मोकळे केस किंवा ओढणी मागील आखात अडकून आपल्या देशात प्राणहानी झालेली आहे. म्हणून केस घट्ट बांधून शिरस्त्राणाच्या आत घेतल्याशिवाय व सैल वस्त्र काढून ठेवल्याशिवाय कोणीही कार्टमध्ये बसू नये. आणि जेथे हे पाहणारा माणूस नसेल तेथून पालकांनी मुलास घेऊन सरळ परत यावे.

बंदिस्त मार्गावर इतकी दक्षता, तर उघड्या रस्त्यावर काय? किनवटच्या रस्त्याने अथवा सहस्रकुंडाच्या वाटेने मिसरूडही न फुटलेली मुले एका मोटारसायकलवर तिघे तिघे बसून जाताना आपण सर्वच पाहतो. विद्यार्थ्यांनो, थोडे गणित करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर बैल आडवा आलेला पाहून ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. पुढचे गणित याहून कठोर आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट झाला की ते नऊपट होते. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. त्यास वशिला चालत नाही.

कायदाही येथे पालकांनाच जबाबदार धरतो. गिअर नसलेली, ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालविण्यास वयाची १६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. इतर मोटारसायकलींस व मोटारींस १८ वर्षे. सन २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाकडून गाडीचा गुन्हा घडल्यास त्याचा पालक अथवा गाडीचा मालक यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ज्या किल्लीने आपण मुलास खूष केले, तिनेच त्याची हौस कायमची बंद केली, असा हा न्याय आहे.

आता पैशाचा प्रश्न. कार्टिंग हा गरिबाचा खेळ नव्हे, हे लपविण्यात अर्थ नाही. स्वतःची कार्ट घेऊन राष्ट्रीय स्पर्धेचा एक हंगाम खेळावयाचा म्हणजे काही लाखांचा खर्च येतो. इंजिन वरचेवर खोलावे लागते, चाके झिजतात, प्रवेशशुल्क असते; शिवाय प्रवास, कारण इस्लापुराहून कोल्हापूर पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. म्हणून ज्या घरी कापूस व सोयाबीन यांवर वर्ष काढावयाचे, तेथे आमचे सांगणे स्पष्ट आहे. मुलाच्या हौसेसाठी जमीन गहाण पडू नये, पेरणीचे कर्ज त्यात जाऊ नये, आणि विशेषेकरून बहिणीच्या शिक्षणाचा पैसा भावाच्या हौसेस लावू नये. जी हौस दुसऱ्या लेकराच्या तोंडचा घास घेते, तिला आधार देणे म्हणजे कुटुंबाने आपल्याच छपराचे वासे जाळण्यासारखे होय. घरी सर्वांना बोलावून, मुलाच्या समक्ष, वर्षास इतकेच रुपये देता येतील असे एकदा सांगावे व वहीत लिहून ठेवावे. मुलांना दारिद्र्याची लाज वाटत नाही. त्यांना दुःख होते ते न सांगितलेल्या नकाराचे.

मग अशा घराने काय करावे? प्रथम, हौस खरी की क्षणिक हे ओळखावे. शर्यत पाहून टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात. ज्याची आवड खरी, तो काळवंडलेली साखळी पुसण्यासही तितक्याच आनंदाने बसतो. हाक न मारता पहाटे उठतो. आणि हरून आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ म्हणतो. ही तीन लक्षणे दिसली तर समजावे की बी सकस आहे. ती न दिसता केवळ वडिलांच्याच मनात विजयाचे चषक चमकत असतील, तर तो वडिलांचा खेळ आहे, मुलाचा नव्हे. कुंपणाबाहेरून मुलावर ओरडणारा बाप मुलाचा वेग वाढवीत नाही, त्याची भीती वाढवितो.

दुसरे, घरातील प्रत्येकाने आपला वाटा उचलावा. वडिलांनी मुलाबरोबर वेळ द्यावा. ज्यांना यंत्र कळत नाही त्यांनी मुलाकडून शिकावे, त्यात कमीपणा नाही. आईने सुरक्षेच्या बाबतीत शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवावा. तिने नाही म्हटले की त्या दिवशी गाडी निघणार नाही, हा नियम घरी सर्वांनी मानावा. बहिणीने किंवा भावाने घड्याळ व वही सांभाळावी, म्हणजे त्यांचाही त्यात जीव रमेल. आणि त्यांच्या हौसेची पाळी आली की याने त्यांची वही सांभाळावी. आजोबांनी बैलांच्या शंकरपटाच्या जुन्या गोष्टी सांगाव्यात. पण बैल जिंकला तर गोंजारावे आणि हरला तर अधिक गोंजारावे, हेही सांगावे. मुलाने स्वतःही एक करार पाळावा: अभ्यास आधी, गाडी नंतर, आणि उघड्या रस्त्यावर वयाआधी कधीही नाही.

तिसरे, जे जवळ आहे तेथून आरंभ करावा. आपल्या गावची मुले फळीस जुन्या बेअरिंगांची चाके लावून उतारावरून गाडी सोडतात, हे आपण पाहतोच. तिला इंजिन नाही, तथापि तिच्यात कार्टची निम्मी विद्या आहे. आखास तेल दिल्यास काय होते, वजन पुढे-मागे केल्याने काय होते, उताराचा वेग वळणात कसा टिकवावा, हे सर्व ती शिकविते. मात्र रस्त्यापासून दूर, मोकळ्या माळावर, डोक्यास शिरस्त्राण घालून व जवळ एक मोठे माणूस उभे राहूनच हा खेळ व्हावा. सुटीत गावातील एखाद्या विश्वासू गॅरेजवाल्याकडे मुलास बसवावे, म्हणजे यंत्राचे अंतरंग त्यास कळेल. एखादे वर्षी प्रवास घडलाच तर शहरातील चांगल्या मार्गावर भाड्याची कार्ट चालवून पाहावी. पहिल्याच दिवशी गाडी विकत घेण्याचे काही कारण नाही.

चौथे, शर्यतीत बसणारा एक असतो, पण त्याच्या मागे उभे राहणारे अनेक असतात. चाक बदलणारे, इंजिन जुळविणारे, आकडे वाचणारे, गाडीचा आराखडा काढणारे, या सर्वांवाचून गाडी एक फेरीही करू शकत नाही. आयटीआयमधून निघालेल्या कुशल कारागिरास व अभियंत्यास तेथे मान आहे. नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय सन १९८१ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने गाडी बांधून ती खडकाळ वाटेवर चालवून दाखवावी, अशी बाहा नावाची स्पर्धाही आपल्या देशात सन २००७ पासून सुरू झाली. म्हणजे वेगाची हौस असलेल्या मुलापुढे फॉर्म्युला वन ही एकच पायरी नसून संपूर्ण जिना आहे. त्याच्या कोणत्याही पायरीवर तो सन्मानाने उभा राहू शकतो, पण तेथे चढण्यासाठी गणित व विज्ञान लागते. आमच्या वर्गात मागील बाकावर मोटारींची चित्रे काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पावसाळ्यात पैनगंगेचे पाणी सहस्रकुंडास कड्यावरून कोसळते, तेव्हा त्याच्या जोराने कानठळ्या बसतात. तेच पाणी पाटास लागले तर शिवार पिकते. पाट नसला तर बांध फोडून माती घेऊन जाते. मुलांच्या अंगचा वेगही तसाच आहे. त्यास पाट खणून देणे हे मुलाच्या एकट्याचे काम नव्हे, ते सर्व घराचे आहे. तो पाट खणण्यास फार पैसा लागत नाही. वेळ, नियम, खरे बोलणे, आणि हरलेल्या दिवशी घरी उघडे असलेले दार, एवढे पुरते. यंदाच्या सुटीत प्रत्येक पालकाने आपल्या मुलाजवळ बसून त्याच्या वहीचे ते मागील पान एकदा स्वतः पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.